पांढऱ्या फुलाचे ओझे

वसंताच्या दिवसांत फुलाविषयी बोलावे हे रीतीला धरूनच आहे. पण बोलायला हमालांच्या संघटनेत उमेद घालवलेला माणूस उभा राहिला, म्हणजे याला फुलातले काय कळणार, अशी शंका येणारच. मला कळते ते ओझ्यातले. आणि आज ज्या फुलाचा इतिहास सांगायचा आहे, तो बराचसा ओझ्याचाच इतिहास आहे.

सीलोजिनी क्रिस्टाटा ही एक आमरी, म्हणजे ऑर्किड. नेपाळ, सिक्कीम, भूतान या पट्ट्यात, हिमालयाच्या मधल्या उंचीवरच्या अरण्यांत, शेवाळलेल्या फांद्यांवर आणि खडकांवर ती वाढते. थंडी सरता सरता तिला शुभ्र फुले येतात. मधल्या पाकळीवर सोनेरी पिवळे तुरे असतात. आपल्या सह्याद्रीतही उन्हाळ्याच्या तोंडाशी निष्पर्ण कांड्यांवर पांढरी फुले धरणारी एक आमरी आढळते. झाडावर दुसरे काही उगवलेले दिसले की आपण त्याला बांडगूळ म्हणून मोकळे होतो. हा अन्याय आहे. बांडगूळ झाडाच्या अंगात मुळे खुपसून रस शोषते. आमरी फांदीवर नुसती बसते. तिच्या मुळांवरचे स्पंजासारखे आवरण पावसाचे नि धुक्याचे पाणी टिपते, बुडाच्या फुगीर गाठी ते साठवतात आणि अन्न ती आपल्या हिरव्या पानांत तयार करते. झाडाकडून ती जागा तेवढी घेते.

कलकत्त्याजवळील कंपनी सरकारच्या बागेचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिक १८२० साली नेपाळात गेले. त्यांच्या संग्रहातून ही वनस्पती युरोपीय शास्त्रज्ञांना ठाऊक झाली आणि इंग्लंडमधील जॉन लिंडली यांनी तिचे शास्त्रीय नाव ठरवले. पुढे तिकडच्या श्रीमंतांना आमरींचे वेडच लागले. डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या चॅट्सवर्थच्या बागेतील जॉन गिब्सन या तरुण माळ्याला १८३५ साली हिंदुस्थानात धाडले. खासी टेकड्यांतील आमरी घेऊन तो १८३७ साली परतला. त्याच बागेने अमेरिकेत पाठवलेले दोन माळी मात्र १८३८ साली कोलंबिया नदीत बुडून मेले. ड्यूकच्या हौसेची किंमत अशी कोणी कोणी चुकती केली.

एवढ्या खटाटोपाने नेलेली रोपे जगत होती म्हणावे, तर तेही नाही. हिंदुस्थान म्हणजे उष्ण देश, एवढ्याच समजुतीवर बागवाल्यांनी डोंगरावरच्या आमरी कोंदट, तापलेल्या काचगृहांत कोंडल्या आणि त्या पटापट मेल्या. हिवाळ्यात गारवा नि कोरडेपणा लागणारी ही वनस्पती! ज्याने ती डोंगरावरून पाठीवर वाहून आणली, त्याला तिथल्या रात्रीची थंडी ठाऊक होती. पण हमालाला विचारायचे कोणी?

आता १८५० सालची गोष्ट ऐका. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर त्या साली खासी टेकड्यांत होते. तेथे निळ्या फुलांची व्हँडा नावाची आमरी विपुल होती. हूकरनी तिची सात माणसांची ओझी लंडनजवळच्या क्यू उद्यानासाठी गोळा केली. त्यांतली फार थोडी जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने एका माणसाचे ओझे विक्रीला पाठवले. ते खराब स्थितीत पोहोचूनही ३०० पौंडांना गेले. एकेका रोपाला ३ ते १० पौंड आले. तेव्हा इंग्लंडमधील शेतमजुराला आठवड्याला सुमारे १० शिलिंग मिळत. पौंडाचे २० शिलिंग धरले, तर ३०० पौंड म्हणजे त्याची अकरा वर्षांहून अधिक मजुरी. तीही इंग्लंडातली, खासी हमालाची नव्हे. कलकत्त्याच्या बागेच्या माणसांनी आमरींच्या हजार करंड्या खाली धाडल्या, आणि वादळ होऊन गेल्यावर पडावा तसा कुजलेल्या फांद्यांचा नि आमरींचा सडा मैलोगणती वाटेवर पडला होता, हेही हूकरनीच लिहून ठेवले आहे.

त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले म्हणून आज आपल्याला हे कळते. पण त्या हिशेबात माणूस आला तो माप म्हणून. मण, पायली तसे ‘एका माणसाचे ओझे’. त्याचे नाव नाही, मजुरी नाही. आपल्याकडे डोक्यावर ओझे वाहणाऱ्याची सरकारदरबारी नोंद व्हावी, यासाठी माथाडी कायदा यायला १९६९ साल उजाडले. म्हणून जुन्या कागदांत अशी ओझी दिसली की माझी नजर अडते.

पुढे शास्त्राने वाट काढली. आमरीच्या धुळीसारख्या बारीक बीला रुजायला बुरशीची सोबत लागते, हे फ्रान्समध्ये नोएल बर्नार यांनी १८९९ साली शोधले. अमेरिकेत लुईस नडसन यांनी १९२२ साली साखर घातलेल्या खाद्यावर, बुरशीवाचूनही, बी रुजवून दाखवले. बाटलीत रोपे होऊ लागली, तेव्हा हौसेसाठी रान ओरबाडण्याचे कारण उरले नाही. १९७५ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने आमरींच्या व्यापारावर नियंत्रणही आले. तरीही चोरटी तोड थांबलेली नाही, कारण तोडणाऱ्याच्या हाती पडणारे चार पैसे त्याला सोडवत नाहीत आणि मोठा नफा खाणारा रानात पाऊलही टाकत नाही. रान राखायचे असेल, तर त्या तोडणाऱ्याच्या पोटाची व्यवस्था आधी पाहावी लागेल. नुसत्या पहाऱ्याने ते होणार नाही. आणि बांडगूळ हा शब्द वापरायचाच असेल, तर तो आमरीला लावू नये.