पैशाला आठवण असते का?

क्रिप्टो पाठवण्याआधी समोरचा ॲड्रेस तपासता येतो, हे तुम्हाला माहीत असेलच. त्याचे जुने व्यवहार चोरीच्या किंवा निर्बंध घातलेल्या ॲड्रेसच्या किती जवळचे, हे बघून 'रिस्क स्कोअर' मिळतो. मला मात्र हा स्कोअर पाहिला की १७५६ साल आठवतं!

त्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये टपाल लुटलं गेलं. त्यातली बँक ऑफ इंग्लंडची एक नोट फिरत फिरत मिलर नावाच्या खाणावळवाल्याकडे आली. त्याने ती रीतसर मोबदला देऊन घेतली होती, तरी बँकेने पैसे नाकारले. १७५८ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्डने निकाल दिला: प्रामाणिकपणे घेतलेली नोट घेणाऱ्याचीच. नाहीतर व्यापार चालणार कसा? थोडक्यात, पैशाला आठवण नसते.

ब्लॉकचेनला मात्र सगळं आठवतं. चोर पकडायला हे उत्तमच. पण ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने क्रिप्टोचा माग पुसणाऱ्या टोर्नेडो कॅशवर निर्बंध घातले, तेव्हा कुणीतरी तिथूनच नामवंतांच्या ॲड्रेसवर ०.१ इथर पाठवून दिले. न मागता! काही साइट्सनी असे ॲड्रेस अडवलेही. ते निर्बंध मार्च २०२५ मध्ये उठले. नोंदी तशाच आहेत.

म्हणून पाठवण्याआधी तपासा, जरूर तपासा. पण येणारं नाणं नाकारायची सोय नाही, आणि स्कोअर म्हणजे अंदाज, पुरावा नव्हे. आपण कुणाकडून, कशाच्या बदल्यात घेतलं, याची नोंद ठेवा. मिलर जिंकला तो नोट प्रामाणिकपणे, मोबदला देऊन घेतली होती या जोरावर.