सीलबंद शिवराईचे दोष

उरण तालुक्यातल्या घारापुरी बेटावर सहाव्या शतकातल्या कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची नाणी सापडली. लेण्यांचा काळ ठरवताना अभ्यासकांना त्यांचा मोठा आधार झाला. नाण्यावरची प्रत्येक खूण म्हणूनच जपायला हवी.

1674च्या राज्याभिषेकाशी नातं सांगणारी शिवराई पाहा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, घाव हाताचा. त्यामुळे एखादं अक्षर हमखास कडेबाहेर जातं.

आज अशी नाणी 1987 साली अमेरिकेत सुरू झालेल्या एनजीसीसारख्या संस्था पारखून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. निसटलेलं अक्षर टाकसाळीतलं, ते चालतं. हौसेनं घासून आणलेली चकाकी मात्र इजा ठरते. मग अंकांतली श्रेणी मिळत नाही, नुसता ‘डिटेल्स’ शेरा मिळतो.