मालगुंडचे घर

थोर ग्रंथकारांची घरे जतन करण्याची चाल विलायतेत जुनी आहे. शेक्सपिअरचे स्ट्रॅटफर्ड येथील जन्मघर १८४७ साली लिलावात निघाले, तेव्हा लोकांनी वर्गणी जमवून ते ३,००० पौंडांस विकत घेतले. आमच्याकडे ही जाग उशिरा आली.

कविवर्य केशवसुतांचा जन्म १८६६ सालचा. गाव गणपतीपुळ्यानजीकचे मालगुंड. तेथील त्यांच्या कौलारू जन्मघराचा कोकण मराठी साहित्य परिषदेने जीर्णोद्धार केला आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर तब्बल ८९ वर्षांनी!

अशा घरी गेलेला मनुष्य प्रथम कवीची तसबीर शोधतो. केशवसुतांचे छायाचित्रच उपलब्ध नाही. मुंबई, फैजपूर, धारवाड अशी त्यांची शिक्षकी फिरती राहिली. १९०५ साली हुबळीस प्लेगने ते वारले व पाठोपाठ त्यांची पत्नीही गेली. ज्यास त्यांचे म्हणावे असे काय उरले होते? मासिकांतून विखुरलेल्या कविता. हयातीत एकही संग्रह नाही. हरि नारायण आपटे यांनी १९१७ साली ‘केशवसुतांची कविता’ प्रसिद्ध केली नसती, तर पुढे मालगुंडची वाट कोणी पुसली असती, असे आम्हांस वाटत नाही.

‘तुतारी’च्या कवीचे जुने घर राखावे, यात काहींस विसंगती दिसेल. आम्हांस ती दिसत नाही. त्यांचा रोष जुन्या रूढींवर होता, जुन्या भिंतींवर नव्हे. मात्र मालगुंडास जाणाराने आपट्यांचे ते पुस्तक आधी वाचून जावे.