जपानमधील बेसबॉल कार्डांची वाटचाल

जपानमध्ये व्यावसायिक बेसबॉलच्या १२ संघांची कार्डे आज ठरलेल्या वेळापत्रकानुसार बाजारात येतात. कोणता संच कोणत्या महिन्यात येणार, त्यात किती कार्डे असतील, खेळाडूंच्या सह्यांची कार्डे असतील की नाही, हे कार्डविक्रेत्यांना आणि संग्राहकांना आधीच कळवले जाते. ही पद्धत मात्र तीन दशकांहून थोडीच अधिक जुनी आहे. त्याआधीचे जपानी बेसबॉल कार्ड कधी मुलांच्या खेळण्यातले साधन होते, तर कधी खाऊसोबत मिळणारी भेट. कार्ड हाच स्वतंत्र माल झाला, तेव्हा कुठे त्याला प्रकाशनाची तारीख आली.

जपानमध्ये बेसबॉल आला तो १८७२ च्या सुमारास. टोकियोत शिकवणाऱ्या होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने विद्यार्थ्यांना हा खेळ शिकवला. पुढची काही दशके तो शाळा-महाविद्यालयांत वाढला. वासेदा आणि केइओ या विद्यापीठांच्या सामन्यांना मोठी गर्दी लोटू लागली आणि विद्यार्थी खेळाडूंची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापली जाऊ लागली. १९३४ मध्ये बेब रूथसह अमेरिकेचा तारांकित संघ जपानच्या दौऱ्यावर आला. शिझुओका येथील सामन्यात १७ वर्षांच्या एइजी सावामुराने गेहरिंगर, रूथ, गेहरिग आणि फॉक्स या चौघांना लागोपाठ बाद केले. सामना जपानने ०-१ असा गमावला, तरी सावामुराचे नाव घरोघरी पोहोचले. १९३६ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली आणि मुलांना आपापले आवडते खेळाडू मिळाले.

या खेळाडूंची चित्रे मुलांच्या हाती आली ती मुख्यतः ‘मेंको’वरून. मेंको हा बेसबॉलपेक्षा कितीतरी जुना खेळ आहे. एदो काळात त्याचे तुकडे भाजलेल्या मातीचे असत. मेइजी काळात ते शिशाचे झाले, आणि शिसे विषारी असल्याची काळजी वाढल्यावर जाड पुठ्ठ्याचे. एकाने आपला मेंको जमिनीवर ठेवायचा आणि दुसऱ्याने आपला जोराने शेजारी आपटायचा. आपटण्याच्या झोताने ठेवलेला मेंको उलटला, की तो आपटणाऱ्याचा झाला. पुठ्ठ्यावर योद्धे, सुमो पैलवान, चित्रपटांतले नट असत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात बेसबॉलपटूंची मोठी भर पडली.

१९४७ च्या सुमारास सुरू झालेली बेसबॉल मेंकोची लाट १९६४ पर्यंत टिकली. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या शहरांत करमणुकीची साधने थोडी होती, आणि बेसबॉल हा लोकांना दिलासा देणारा खेळ ठरला होता. लाल बॅटचा तेत्सुहारू कावाकामी आणि निळ्या बॅटचा हिरोशी ओशिता हे त्या काळातले मुलांचे लाडके खेळाडू. गल्लीतल्या खाऊच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मेंको मिळत. काही गोल असत, काही उभट चौकोनी, तर काही खेळाडूच्या आकृतीबरहुकूम कापलेले.

असा एक मेंको हातात घेतला, तर तो किती खेळांसाठी बनवला होता ते दिसते. एका बाजूला भडक रंगांत खेळाडूचे चित्र, मागे एक भलामोठा आकडा आणि हाताच्या मुठीचे, कात्रीचे किंवा पंजाचे चिन्ह. आकडा मोठा त्याचा पत्ता वरचढ, हा एक खेळ. दगड-कात्री-कागद हा दुसरा. आपटून उलटवणे हा मूळचा खेळ तर होताच. त्यामुळे धड कोपऱ्यांचा मेंको आज दुर्मीळ आहे. बहुतेकांवर वर्ष छापलेले नसते, काहींवर तर निर्मात्याचेही नाव नसते. मग काळ ठरवायला गणवेशाचा आधार घ्यावा लागतो. ओशिता १९५२ मध्ये तोक्यू फ्लायर्स सोडून फुकुओकाच्या निशितेत्सू लायन्समध्ये गेला. म्हणून तोक्यूच्या गणवेशातला त्याचा मेंको त्याआधीचा, असे संग्राहक धरतात.

१९६० च्या दशकात दूरचित्रवाणी घरात आली, रस्त्यांवर वाहने वाढली आणि मेंको मागे पडला. कार्डे आता खाऊसोबत मिळू लागली. १९६७ मध्ये ओकायामाच्या काबाया या खाऊ बनवणाऱ्या कंपनीने अमेरिकी टॉप्स कार्डांच्या धर्तीवर एक संच काढला. पण खरा बदल घडवला तो कॅल्बीने. १९४९ मध्ये हिरोशिमात स्थापन झालेल्या या कंपनीने १९७१ मध्ये ‘कामेन रायडर’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या नायकाचे कार्ड २० येनच्या खाऊच्या पाकिटासोबत दिले. मुले कार्डासाठी पाकिटे घेऊ लागली आणि खाऊ फेकून देऊ लागली. या प्रकारावर सर्वत्र टीका झाली. तरी त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: विकले जात होते ते कार्ड.

१९७३ मध्ये कॅल्बीने बेसबॉल कार्डांचा खाऊ आणला. पहिल्या क्रमांकाचे कार्ड होते योमिउरी जायंट्सच्या शिगेओ नागाशिमाचे. वेळही नेमकी साधली होती, कारण जायंट्सने १९६५ पासून सलग नऊ वर्षे जपान सीरिज जिंकली, त्यातले हे नववे वर्ष. ही कार्डे मेंकोसारखी रंगवलेली नव्हती. पुढे प्रत्यक्ष सामन्यातले रंगीत छायाचित्र आणि मागे त्या प्रसंगाचे वर्णन असे. हंगाम जसजसा पुढे सरके, तसतशी नवी कार्डे पाकिटांत येत. १९७७ मध्ये जायंट्सच्या सादाहारू ओने ७५६ वा होम रन मारून अमेरिकन खेळाडू हँक आरनला मागे टाकले. त्या वर्षीच्या कॅल्बी कार्डांत ओ ठळकपणे आहे. काही मालिका ठरावीक भागांतच विकल्या गेल्या, त्यामुळे १९७० च्या दशकातले पूर्ण संच जमवणे आजही फार अवघड आहे. पुढे पाकिटात बटाट्याचे चिप्स आले. ती परंपरा अजून चालू असून वर्षातून साधारण तीन मालिका निघतात.

याच काळात ताकारा या खेळणी कंपनीने १९७८ पासून प्रत्येक संघाच्या ३० खेळाडूंच्या कार्डांची पेटी विकायला सुरुवात केली. फासे टाकून घरी बसल्या सामना खेळता यावा, अशी तिची रचना होती. म्हणजे कार्ड अजूनही खेळाचे किंवा खाऊचे सोबतीच होते.

ही स्थिती १९९१ मध्ये पालटली. १९४६ मध्ये स्थापन झालेली बेसबॉल मॅगझिन शा ही प्रकाशन संस्था बेसबॉलची मासिके आणि साप्ताहिक काढत असे. छायाचित्रे आणि खेळाडूंची माहिती तिच्याकडे होतीच. तिने ‘बीबीएम’ या नावाने फक्त कार्डांची पाकिटे विकायला काढली. खाऊ नाही, फासे नाहीत, गुळगुळीत कागदावर छापलेली क्रमांकित कार्डे आणि मागे आकडेवारी. १९९३ च्या संचात ओरिक्स संघाच्या इचिरो सुझुकीचे पहिले बीबीएम कार्ड आले. पुढच्याच वर्षी त्याने एका हंगामात २१० हिट मारले, आणि नवख्या खेळाडूच्या पहिल्या कार्डाला किती मोल येऊ शकते हे जपानी ग्राहकाला उमगले.

वेळापत्रकाची मांडणी इथूनच घडली, आणि ती बेसबॉलच्या वर्षाला धरून आहे. ऑक्टोबरमध्ये नव्या खेळाडूंची निवड होते आणि १ फेब्रुवारीला सराव शिबिरे सुरू होतात. त्या सुमारास नवोदितांचा संच येतो. मार्चअखेर हंगाम सुरू झाल्यावर वर्षाचा मुख्य संच आणि एकेका संघाचे संच, उन्हाळ्यात दुसरा मुख्य संच, हंगाम संपता संपता विक्रमांचे संच, आणि शेवटी त्या वर्षी निवृत्त झालेल्या खेळाडूंची निरोपाची पेटी. दुसऱ्या मुख्य संचात सामन्याआधी औपचारिक चेंडू टाकणाऱ्या अभिनेत्री आणि गायिकांचीही कार्डे असतात.

या व्यवसायाचा पाया हक्कांवर उभा आहे. खेळाडूच्या छायाचित्राचा वापर करू देण्याचा अधिकार संघांचा की खेळाडूंचा, यावर खेळाडू न्यायालयात गेले होते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल संघांच्या बाजूने कायम राहिला. त्यामुळे कार्ड कंपनीला परवान्यासाठी संघांकडे जावे लागते. आज बीबीएम आणि कॅल्बीबरोबर खेळणी बनवणारी एपोक कंपनीही या क्षेत्रात आहे, आणि २०२१ पासून अमेरिकेची टॉप्सही जपानी लीगची अधिकृत कार्डे काढते. एखाद्या विक्रमानंतर थोडे दिवस मागणी नोंदवून तेवढीच कार्डे छापण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. कोणत्याही कार्डाचा निर्माता, वर्ष आणि क्रमांक आता छापण्याआधीच ठरलेला असतो. मेंकोच्या काळातल्या संग्राहकाला यातले काहीही सहज मिळत नव्हते.