मानसोपचार परिचर्या : नव्या वाचकासाठी प्रस्तावना

परिचर्येच्या विद्यार्थ्यांना मानसोपचार वॉर्डात नेमणूक लागली की काहींच्या पोटात गोळा येतो, तर काहींना हायसे वाटते: सलाईन नाही, ड्रेसिंग नाही, म्हणजे ड्युटी हलकी. दोन्ही समजुती आठवड्याभरात गळून पडतात. तरीही पुढे या शाखेकडे वळणारे मोजकेच राहतात, कारण इथले कौशल्य बाहेरच्याला सहज दिसत नाही. जखम भरली की सिस्टरचे काम सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असते. एखादा आत्मघात टळला, तर तो टळला हेसुद्धा कुणाला कळत नाही.

या विषयाचा संबंध फक्त ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी किंवा गोव्यातील बांबोळी येथील मनोरुग्णालयांशी आहे, असे वाचकांनी समजू नये. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. यांतले बहुसंख्य लोक मनोरुग्णालयाची पायरी कधीच चढत नाहीत. ते भेटतात प्रसूती कक्षात, मेडिकल वॉर्डात, कीटकनाशक प्यायल्यावर कॅज्युअल्टीत. मांडीचे हाड मोडून ऑर्थोच्या वॉर्डात आलेला माणूस तिसऱ्या रात्री अंथरुणावरचे नसलेले किडे झटकू लागतो आणि ‘याच्या डोक्यावर परिणाम झाला’ असे सगळे म्हणू लागतात. अशा वेळी त्याची नाडी, घाम आणि हातांची थरथर पाहून ‘शेवटची दारू कधी घेतली होती?’ असे नातेवाइकांना विचारणारी परिचारिका त्याचा जीव वाचवू शकते. तेव्हा तुमची नेमणूक कुठेही असो, ही विद्या तुमच्या उपयोगाची आहे.

या शाखेला स्वतःचा विचार दिला तो हिल्डगार्ड पेपलाऊ या अमेरिकन परिचारिकेने. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हेच उपचाराचे साधन आहे, हे मांडणारा तिचा ग्रंथ १९५२ साली निघाला. हस्तलिखित चार वर्षे आधीच तयार होते. पण सहलेखक म्हणून डॉक्टरचे नाव नसलेले परिचारिकेचे पुस्तक छापणे तेव्हा प्रकाशकांना धाडसाचे वाटले. पुढे २००६ मध्ये क्रिस्टीन टॅनर यांनी परिचारिका निर्णय कसा घेते, याचा आराखडा मांडला: लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि मागे वळून तपासणे. आराखडा पाठ करायला पाच मिनिटे पुरतात. खरी अडचण दुसऱ्या पायरीवर येते. मानसोपचारात दिसते ते वागणे, आणि एकाच वागण्याचे अर्थ अनेक.

हॅलोपेरिडॉल सुरू झालेला एक तरुण रात्रभर वॉर्डात येरझारा घालतो आहे, अशी कल्पना करा. बसवले की उठतो, चिडतो. आजार वाढला असे मानून त्याच औषधाची आणखी मात्रा दिली, तर त्रास आणखी वाढण्याचा धोका असतो. कारण ही तगमग औषधामुळेच होणारी असू शकते. तिला अ‍ॅकॅथिसिया म्हणतात. ‘दादा, कुणाची भीती वाटतेय म्हणून फिरताय, की पायच स्थिर राहत नाहीत?’ एवढ्या एका प्रश्नाने पुढच्या उपचाराची दिशा बदलते. अशाच औषधांनी कधी मान एका बाजूला वळते, डोळे वर जाऊन तिथेच ठरतात. घरचे ‘अंगात आलं’ म्हणत अंगारा लावायला धावतात. योग्य इंजेक्शनने हा त्रास थोड्या वेळात उतरतो. पण तो ओळखणारे कुणीतरी तिथे असावे लागते.

लिथियमचे उदाहरण तर आपल्याकडच्या प्रत्येक परिचारिकेने मे महिना लागण्यापूर्वी वाचावे. या औषधाची रक्तातील पातळी साधारण ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर ठेवतात आणि दीडच्या पुढे विषबाधेची भीती असते. अंतर इतके थोडे! विदर्भाच्या उन्हात घामाने पाणी आणि मीठ निघून जाते, एखादा उलट्या-जुलाबांचा दिवस येतो, गुडघे दुखतात म्हणून शेजारचा कुणी आयबुप्रोफेन देतो, आणि नेहमीच्याच गोळीने पातळी चढते. बोटांची बारीक थरथर नेहमीच्या मात्रेतही दिसते. ती ठसठशीत झाली, चाल डगमगू लागली, जीभ जड झाली, तर ‘पिऊन आलाय’ असा शेरा मारण्याआधी पुढची गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे असते. गोळी न देणे हाही परिचर्येचा निर्णय असतो.

आत्महत्येविषयी विचारताना नवखी परिचारिका अडखळते. विचारल्याने तो विचार रुग्णाच्या डोक्यात शिरेल, अशी धास्ती असते. ती खरी नाही. ‘जीव नकोसा झालाय’ असे कुणी म्हटले, तर विषय बदलू नये. मरणाचे विचार येतात का, कसे करायचे ते ठरवले आहे का, हे शांतपणे आणि स्पष्ट विचारावे. घरात फवारणीचे औषध कुठे ठेवले आहे, हे नातेवाइकांकडून जाणून घ्यावे आणि ते हलवायला सांगावे. खिन्नतेत बुडालेला रुग्ण एकाएकी निवांत दिसू लागला, तर लक्ष वाढवावे.

कायद्याची माहिती वाचकांनी कोरडी म्हणून टाळू नये. २००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या निवासाला लागलेल्या आगीत २८ माणसे गेली. साखळ्यांनी बांधलेली असल्याने त्यांना पळता आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधणे आणि भूल न देता विजेचा उपचार करणे, दोन्हींना मनाई केली. रुग्णाला जखडून ठेवणे केवळ तातडीचा धोका टाळण्यासाठी, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि लेखी नोंद करूनच चालते. माझे मत थोडे कडक आहे: ज्या वॉर्डात वारंवार बांधावे लागते, तिथे आधीच्या तासाभरात रुग्णाकडे कुणी नीट पाहिलेले नसते. तिथल्या नोंदीही बहुधा ‘पेशंट व्हायोलंट’ एवढ्याच असतात. काय घडले, त्याआधी कोण काय बोलले, रुग्ण जेवला-झोपला होता का, हे लिहिले की पुढच्या पाळीला काही हाती लागते.

पुढील पाने वाचताना घाई नको. औषधांचे तक्ते शेवटी वाचले तरी चालतील. निरीक्षण आणि संभाषण यांवरील भाग मात्र आधी वाचावेत. प्रत्येक रुग्णाची हकीकत वाचताना मध्येच थांबून, तुम्ही तिथे असता तर आधी काय तपासले असते, हे समासात पेन्सिलीने लिहावे आणि मगच पान उलटावे. तुमचे उत्तर वेगळे निघाले तर ते खोडू नका. आपल्या शिक्षकांशी, मेट्रनशी त्यावर वाद घाला. घरात कुणी आजारी आहे म्हणून या विषयाकडे आलेल्या वाचकांनी दुष्परिणामांच्या भागापासून सुरुवात करावी आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. आणि वाचता वाचता स्वतःविषयीच काळजी वाटू लागली, तर वाचन बाजूला ठेवून टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.