होळकरी रुपया: नाणं कसं ओळखावं, त्याची स्थिती कशी ठरवावी

इंदूरमधल्या कितीतरी जुन्या मराठी घरांत देवघराच्या डब्यात चार-दोन चांदीचे रुपये असतात. लक्ष्मीपूजनाला ते बाहेर निघतात, चिंच-रांगोळीने किंवा पावडरीने घासून लख्ख केले जातात आणि पूजा झाली की परत डब्यात जातात. पुढे कधी गरज पडली, की राजवाड्यामागच्या सराफ्यात वजनावर मोडले जातात. वजन करणाऱ्याला चांदी दिसते, पण नाण्यावर कोणाची खूण आहे, साल कोणतं, टांकसाळ कुठली हे कोणी बघत नाही. वितळलेलं नाणं परत मिळत नाही आणि घासलेल्याची झीजही भरून येत नाही. म्हणून विकण्याआधी, आणि त्याहीआधी घासण्याआधी, काय बघायचं ते इथे दिलं आहे.

होळकरांची नाणी कोणती?

होळकरांच्या जुन्या रुपयांवर फारसी मजकूर आणि मुघल बादशहा शाह आलमचं नाव असतं. त्यामुळे 'हे मुसलमानी नाणं आहे, आपलं नाही' असं घरात सर्रास म्हटलं जातं. हा गैरसमज आहे. त्या काळी बहुतेक संस्थानं बादशहाच्या नावानेच नाणी पाडत. शाह आलम १८०६ मध्ये वारला, तरी इंदूरच्या रुपयांवर त्याचं नाव पुढे कित्येक दशकं राहिलं. नाणं होळकरांचं आहे हे खुणेवरून कळतं:

- सूर्यमुख: किरणं असलेला सूर्याचा चेहरा. मल्हारनगर म्हणजे इंदूरच्या टांकसाळीची ओळख.
- शिवलिंग आणि बेलपान: अहिल्याबाईंच्या महेश्वरची खूण.
- चांदवड: आजच्या नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडलाही होळकरांची टांकसाळ होती. नाशिक-खानदेशातल्या घरांत 'चांदवडी रुपया' म्हणतात तो तिथला.
- संस्कृत मजकुराचा रुपया: पहिल्या यशवंतराव होळकरांनी शके १७२८ मध्ये पाडलेला. अत्यंत दुर्मीळ. याच्या नकला मात्र भरपूर आहेत.
- शिवाजीराव होळकर (१८८६ ते १९०३): तांब्याच्या अर्धा आणि पाव आण्यावर बसलेला नंदी. संवत १९५६ पासूनच्या यंत्रावर पाडलेल्या रुपयावर महाराजांचा चेहरा.
- दुसरे यशवंतराव: १९३५ चे तांब्याचे अर्धा आणि पाव आणे, महाराजांच्या चेहऱ्यासह.

सालाचा हिशोब असा: विक्रम संवतातून ५७ वजा करा, शकात ७८ मिळवा, फसलीत साधारण ५९० ते ५९३ मिळवा. हिजरी वर्ष चांद्रमानाचं असल्याने तिथे सरळ बेरीज चालत नाही, कोष्टक बघावं लागतं.

स्थिती बघताना तीन गोष्टी वेगळ्या करा

यंत्रावर पाडलेल्या ब्रिटिश रुपयाचं माप हातठशाच्या नाण्याला लावलं की चूक होते. हातठशाच्या नाण्यात तापवलेली चकती ठशावर ठेवून हातोड्याने घाव घालत. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे एका नाण्यावर पूर्ण मजकूर जवळजवळ कधीच येत नाही. म्हणून प्रत्येक उणिवेपुढे एकच प्रश्न विचारा: हे कधी झालं?

१. पाडताना झालेलं. मजकूर अर्धवट, ठसा एका बाजूला सरकलेला, काठ वेडावाकडा, कडेला चीर. हे दोष टांकसाळीतले आहेत. त्यांनी किंमत थोडी कमी होते, पण नाणं खराब ठरत नाही. टांकसाळीचं नाव, साल आणि खूण या तिन्ही गोष्टी चकतीवर आल्या असतील तर तो रुपया थोडा झिजलेला असला तरी चांगला समजावा.

२. वापरात झालेलं. झीज आधी उंच भागावर दिसते: सूर्याचं नाक, गाल, नंदीचं वशिंड, महाराजांच्या चेहऱ्यावरचा कान-केस. नाणं उजेडात तिरपं धरा. झिजलेला भाग गुळगुळीत आणि सपाट चमकतो. घाव हलका पडल्याने पुसट राहिलेल्या जागी मात्र मूळ खरखरीत पोत दिसतो. हा फरक डोळ्यांत बसला की अर्धं काम झालं. सराफांनी चांदी तपासायला मारलेले बारीक ठोकेही याच गटात येतात. काही संग्राहकांना ते खटकतात, पण नाणं बाजारात फिरल्याचा तो पुरावा आहे.

३. माणसाने नंतर केलेलं. माळेत ओवायला लावलेली कडी, ती काढल्यावर राहिलेला डाखाचा डाग, भोक, कानस आणि घासणं. किंमत सर्वात जास्त इथे पडते. घासलेलं नाणं सगळीकडून सारखंच पांढरं चमकतं आणि भिंगाखाली एका दिशेच्या बारीक रेघा दिसतात. अक्षरांच्या खाचेतही काळेपणा उरलेला नसतो.

नाण्यावरचा प्रत्येक नवा ठसा म्हणजे नुकसान असं मात्र नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. क्षत्रप राजा नहपानाची ही नाणी. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता, आणि त्या ठशात उज्जैनचं म्हणून ओळखलं जाणारं चिन्ह आहे. कोण जिंकलं हे त्या 'बिघडवलेल्या' नाण्यांनीच सांगितलं. कोणी ती घासून एकसारखी केली असती, तर हा पुरावा गेला असता.

दर्जाचे शब्द

लिलावाच्या यादीत हे शब्द येतात:

- गुड: खूप झिजलेलं, फक्त ओळख पटते.
- फाइन: मुख्य खुणा स्पष्ट, बारकावे गेलेले.
- व्हेरी फाइन: झीज मध्यम, अक्षरं नीट वाचता येतात.
- एक्स्ट्रीमली फाइन: फक्त उंच टोकांवर किंचित झीज.
- अनसर्क्युलेटेड: बाजारात न फिरलेलं.

नावात 'गुड' असलं तरी तो खालचा दर्जा आहे, त्याला भुलू नका. १ ते ७० चं मापही वापरतात, पण ते मुळात अमेरिकेतल्या यंत्राच्या नाण्यांसाठी तयार झालं. हातठशाच्या रुपयाला नुसता आकडा पुरत नाही. 'झीज कमी, साल पूर्ण, ठसा डावीकडे सरकलेला' असं वर्णन सोबत हवंच.

खरं की नकली?

होळकरी रुपयाचं वजन साधारण ११ ग्रॅमच्या आसपास असतं. चांदीला चुंबक लागत नाही. काठावर आडवी शिवण किंवा पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर नाणं साच्यात ओतलेलं आहे असं समजा.

घरी करता येणारी एक परीक्षा आहे. बारीक काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबतं धरा, तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. समजा ११.२ ग्रॅमच्या नाण्याने आकडा १.०९ दाखवला, तर भागाकार सुमारे १०.३ येतो, म्हणजे चांगली चांदी. जर्मन सिल्व्हरच्या नकलेत हा भागाकार पावणेनऊच्या आसपास येतो. अर्थात, चांदीची नक्कलही असू शकते. तिथे ठशाची तुलना करण्यावाचून इलाज नाही.

सांभाळायचं कसं?

- नाणं काठाने धरा, चेहऱ्यावर बोटं नकोत.
- माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा आणि टिपून घ्या. घासू नका. लिंबू, चिंच, टूथपेस्ट, पितांबरी काहीही नको.
- तांब्यावरचा घट्ट तपकिरी-हिरवा थर राहू द्या, तो नाण्याचं रक्षण करतो. फिकट हिरवी पूड सुटत असेल तर ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.
- मऊ प्लास्टिकची पाकिटं टाळा, त्यांनी चिकट हिरवा थर चढतो. आम्लविरहित कागदाची पाकिटं चांगली.
- कोणाकडून, कधी, कुठल्या गावाहून आलं ते पाकिटावर लिहा.

कायदा

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. घरात ठेवायला हरकत नाही, पण ते परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही. नातेवाईक अमेरिकेत असले तरी नाही. पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. शेतात किंवा घर पाडताना जमिनीतून नाणी निघाली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे.

या दिवाळीला डबा उघडाल तेव्हा रुपये घासू नका. हळद-कुंकू पाकिटाला किंवा तबकाला लावा. उजेडात तिरपं धरून खूण शोधा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, वजन लिहून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते कुठून आले हेही विचारून घ्या. एवढं झाल्यावर ठेवायचं की विकायचं ते ठरवा.