तूप, डबा आणि अर्धे वाक्य

पोलादपूरहून डोंगर चढून कुडपणला पोहोचले की रायगड जिल्हा सरत येतो. पलीकडे सातारा नि रत्नागिरी. गेल्या शिमग्यास तेथे थोरल्या काकांकडे जेवत होतो. नाचणीच्या भाकरीवर तुपाची धार सोडीत काका म्हणाले, "गोळी बंद केली रे. कोलेस्टेरॉल म्हणजे थोतांड, असे अमेरिकेनेच कबूल केले!" त्यांच्या हृदयाच्या रोहिणीत जाळी बसवलेली आणि चार महिने गोळी बंद! मोबाइलवरचा तो निरोप त्यांनी मोठ्या विश्वासाने पुढे केला. माझा घास हातातच राहिला.

या गैरसमजाची वंशावळ जुनी आहे. १९१३ साली रशियात आनिचकोव्ह याने सशांना सूर्यफुलाच्या तेलातून कोलेस्टेरॉल चारले, तेव्हा त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर साचले. ससा बिचारा पाला खाणारा. माणसाचे यकृत कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करते; म्हणून ताटातले कोलेस्टेरॉल आणि रक्तातले कोलेस्टेरॉल यांचा हिशेब सरळ जुळत नाही. पण लोकांच्या मनात ही दोन्ही एकच होऊन बसली.

आमच्या घराशी या इतिहासाचा संबंध आला तो डब्यातून. मुंबईत शिवडीला १९३२ साली वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला आणि १९३७ साली 'डालडा' हे नाव बाजारात आले. तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मुरवला की ते तुपासारखे थिजते. गांधीजींनी या पदार्थावर कडक टीका केली होती. तरी गिरणीत असलेले आजोबा गणपतीला येताना डबा आणीतच. म्हशीचे घरचे तूप पोलादपूरच्या बाजारात जाई आणि आम्ही मुंबईच्या डब्यातले खाऊ! रिकाम्या डब्यात आजीने तुळस लावली होती.

पुढे कोलेस्टेरॉलची धास्ती पसरली, तेव्हा तेलांच्या डब्यांवर 'कोलेस्टेरॉल नाही' असे झळकू लागले. खोटे नव्हे; वनस्पतीत ते नसल्यासारखेच असते. परंतु १९९० साली मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी दाखवून दिले, की तेल थिजवताना निर्माण होणारी ट्रान्स मेदाम्ले रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले घटवतात. म्हणजे डब्यात कोलेस्टेरॉल नव्हते, ते वाढवणारा पदार्थ मात्र होता! २०११ च्या नियमांनी तेलाच्या वेष्टनांवर 'कोलेस्टेरॉलशी लढणारे' अशा बिरुदांना बंदी केली. ट्रान्स मेदाम्लांवर शेकडा २ ची मर्यादा यायला २०२२ चा जानेवारी उजाडला.

आता काकांचा निरोप. २०१५ साली अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या समितीने खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची बाऊ करण्याजोगी चिंता उरली नाही असे म्हटले, आणि त्यानंतरच्या शिफारशींतून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा गेली. इतके खरे. परंतु तुपालोण्यातल्या संपृक्त मेदावरची मर्यादा त्याच शिफारशींनी कायम ठेवली आणि रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल निरुपद्रवी आहे असे कोठेही म्हटले नाही. निरोप धाडणाऱ्याने पूर्वार्ध तेवढा घेतला. जिभेला तोच गोड!

काकांनी सारे ऐकून घेतले. "म्हणजे तूप सोडू?"

"धारेचा चमचा करा. आणि गोळीचे काय ते डॉक्टरांनाच विचारू."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलादपूरच्या दवाखान्याची वाट धरली. तो निरोप आपण कोणाकोणाला पाठवला, हे काका गाडीत बसून बोटांवर मोजू लागले. दोन्ही हातांची बोटे संपली, तरी घाट संपला नव्हता.